चाक बसलं, पण कुठलं?

उभा राहा. फळ्यावर दोन ओळी लिहिल्यात, त्या वाच. मोठ्यानं. मागच्या बाकावर मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्यांनाही ऐकू गेल्या पाहिजेत.

२२५/४० आर १८, ८८ डब्ल्यू. २५५/३५ आर १८, ९० डब्ल्यू.

वाचता येतंय की! मग काल संध्याकाळी राहुरी फॅक्टरीच्या त्या टायरच्या दुकानात तुझी नजर कुठं चरायला गेली होती? इतरांना माहीत नाही, म्हणून सांगतो. पुण्याहून शिर्डीला निघालेली एक दोन दारांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार दुकानात आली. डाव्या मागच्या चाकात खिळा होता. डाव्या पुढच्या चाकाचं बॅलन्सिंगचं वजन निखळलं होतं, म्हणून स्टिअरिंग थरथरत होतं. आपल्या नगर-मनमाड रस्त्यानं वजन पाडलं असेल तर त्यात नवल नाही. या शहाण्यानं दोन्ही चाकं खोलली, शेजारी शेजारी टाकली, पंक्चर काढलं, बॅलन्सिंग केलं आणि परत चढवली. पुढचं मागं, मागचं पुढं. मी स्कूटरमध्ये हवा भरायला थांबलो होतो. गाडीच्या मागं उभा राहिलो तर डावं मागचं टायर उजव्यापेक्षा तीन सेंटिमीटरनं अरुंद. ते दहा पावलांवरून मला दिसलं आणि ज्याच्या हातात ते चाक होतं त्याला दिसलं नाही.

मी हटकलं, तेव्हा हा मला काय म्हणाला ते ऐका. "सर, बसलं ना व्यवस्थित. पाचही बोल्ट बसले."

पाचही बोल्ट बसले! अरे, बसणारच होते. बहुतेक गाड्यांना पुढं-मागं बोल्टांचं वर्तुळ एकच असतं, मधलं भोकही एकच असतं. म्हणजे मागचं चाक पुढच्या हबवर बिनतक्रार चढू शकतं, आणि पुढचं मागच्या हबवर. बोल्ट बसला याचा अर्थ बोल्ट बसला, एवढाच. चाक त्याच्या जागी आहे की नाही, हे सांगायचं काम बोल्टाचं नाही. ते तुझं आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती टायरच्या अंगावर ठसठशीत अक्षरांत छापलेली असते.

तुझं घर देवळाली प्रवऱ्याचं. मागवलेलं पार्सल नाशिकच्या देवळालीला गेलं, तर त्या पोऱ्याला फोनवर तू काय काय ऐकवतोस? "प्रवरा लिहिलंय ना पत्त्यावर, वाचता येत नाही का?" मग तोच प्रश्न मी तुला विचारतो.

आता या आकड्यांचा अर्थ सांग. नाही येत? पहिल्या सहामाहीत शिकवलंय. २२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. शेवटचं ८८ डब्ल्यू म्हणजे भार आणि वेग यांची खूण. दुसऱ्या टायरची रुंदी २५५ आणि भिंत तिच्या ३५ टक्के, म्हणजे सव्वाएकोणनव्वद मिलिमीटर. आता वही काढा सगळ्यांनी आणि दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास काढा. १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवा. पहिल्याचा व्यास येतो ६३७.२. दुसऱ्याचा ६३५.७. फरक किती? दीड मिलिमीटर. झिजलेल्या टायरमध्ये याहून जास्त फरक पडतो.

म्हणून बाजूनं पाहिलं तर दोन्ही चाकं सारखी दिसतात. तेच अठरा इंचांचं रिम, तीच नक्षी, तीच उंची. "चारही सारखीच दिसतात सर" हे तुझं म्हणणं त्या अर्थानं खरं आहे, आणि म्हणूनच माझा राग दुप्पट आहे. जिथं डोळा फसतो तिथंच वाचायचं असतं. आणखी ऐक. व्यास जवळजवळ सारखा, म्हणजे चारही चाकं सारख्याच वेगानं फिरणार. एबीएसचे सेन्सर चाकांच्या फिरण्याचा वेग मोजतात, रुंदी मोजत नाहीत. त्यांना काही वावगं दिसलं नसतं. डॅशबोर्डवर दिवा लागला नसता, कसला आवाज आला नसता. मालकानं तुला पन्नास रुपये जास्त देऊन हसत हसत गाडी काढली असती.

आणि मग? रात्री परतीच्या वाटेवर विळदचा घाट आहे. समज पाऊस झालाय. गाडी मागच्या चाकांवर चालणारी. उजव्या वळणात गाडीचं वजन कुठं झुकतं? बाहेरच्या बाजूला, म्हणजे डावीकडं. डाव्या बाजूला तू काय करून ठेवलंस? पुढं रुंद, मागं अरुंद. पुढचं चाक रस्ता घट्ट धरून वळणार, मागचं त्याच्या आधी निसटणार, आणि इंजिनची सगळी ताकद नेमकी मागच्याच चाकाला. गाडीचं बूड बाहेर फेकलं जाणार, तोंड आत वळणार. डाव्या वळणात मात्र वजन उजवीकडं, तिथली चाकं बरोबर. म्हणजे डावीकडं वळताना गाडी शहाणी आणि उजवीकडं वळताना माथेफिरू. चालवणाऱ्याला डाव्या वळणानं भरवसा दिला असता आणि पुढच्याच उजव्या वळणानं तो काढून घेतला असता. सबंध गाडी वाईट वागली तर माणूस जपून चालवतो. तू तयार केलेली गाडी अर्धीच वाईट होती.

मागं रुंद टायर कशाला, याचं उत्तर काल तू दिलंस: "स्टाईलसाठी, सर." इथं हसणाऱ्यांनी हसू नये, तुमच्यातल्या अर्ध्यांचं उत्तर तेच आहे.

मघाशी म्हटलं, ताकद मागच्या चाकांना जाते. वेग घेताना गाडीचं वजनही मागं रेलतं. तेव्हा मागच्या टायरांना दोन कामं एकदम करायची असतात, पुढं ढकलायचं आणि वळणात बाजूला घसरू द्यायचं नाही. म्हणून तिथं जास्त रुंदी. पण "रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर" असलं सरधोपट उत्तर मला पेपरात लिहू नका. गाडी दीड हजार किलोची धरा, म्हणजे चाकामागे पावणेचारशे किलो. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. भागाकार करा. जमिनीला टेकलेला भाग येतो साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर, तुझा पंजा पसरला तर जेवढा भरेल तेवढा. हे क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवा ठरवतात. रुंदीनं बदलतो तो ठशाचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा. आडव्या ठशाचं टायर वळणात बाजूचा जोर चांगला झेलतं, कमी पिळवटतं, तापलं तरी लवकर हात टेकत नाही. आणि पुढचं टायर मुद्दाम अरुंद ठेवतात, कारण चालकाची चूक झालीच तर आधी पुढची चाकं घसरावीत. पुढची घसरली की गाडी वळायची तेवढी वळत नाही, माणूस घाबरून पाय काढतो, वेग कमी होतो, गाडी सावरते. मागची आधी घसरली तर ती सावरायला शर्यतीतला हात लागतो. पुढच्या-मागच्या टायरांच्या मापांत हा हिशेब करून ठेवलेला असतो. तो बऱ्याच ठेचा खाऊन शिकलेला आहे.

कुणी खाल्ल्या ठेचा? पोर्शे कंपनीनं. त्यांची ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. इंजिन कुठं? मागच्या आसाच्याही मागं. चारही टायर मात्र एकाच मापाचे. परिणाम व्हायचा तोच झाला. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडीचं बूड पुढं यायला बघायचं. मग त्यांनी काय करावं? पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत अकरा-अकरा किलोची वजनं बसवली. जर्मनीतल्या नामांकित इंजिनिअरांनी बंपरमध्ये वजनं ठेवली, विचार करा. पुढं १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागं सरकवली. आणि १९७२ च्या ऑक्टोबरात पॅरिसला दाखवलेल्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये पहिल्यांदा पुढं-मागं वेगळी मापं दिली: पुढं सहा इंच रुंदीच्या रिमवर १८५/७०, मागं सात इंचांच्या रिमवर २१५/६०. आजच्या कॅरेरा एसला पुढं २४५/३५ आर २० आणि मागं ३०५/३० आर २१. म्हणजे रिमचा व्याससुद्धा वेगळा. जे ठरवायला त्यांना दहा वर्षं लागली, ते तू जॅकवर पाऊण तासात मोडीत काढलंस.

आता ट्रॅक्टरकडं या. "आमच्याकडं असल्या गाड्या येतात कुठं, सर" ही तुझी तिसरी सबब. शिर्डी आणि शिंगणापूर यांच्या मधोमध राहतोस. बाराही महिने मुंबई-पुण्याच्या गाड्या तुझ्या दारावरून जातात. आणि त्या नसत्या आल्या तरी पुढं-मागं वेगळी चाकं हा प्रकार तुला नवा आहे का? तुझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरला पुढं ६.०० - १६ आणि मागं १३.६ - २८. लहानपणापासून त्याच्या मडगार्डवर बसून उसाच्या फडात गेलायस. तिथं पुढचं चाक मागं लावशील? लागणारच नाही. आकार वेगळा, बोल्टांचं वर्तुळ वेगळं. तिथं लोखंडच तुला अडवतं. स्पोर्ट्‌स कारमध्ये लोखंड अडवत नाही, म्हणून डोकं वापरावं लागतं. ते वापरायची सवय ट्रॅक्टरनं तुला लावली नाही, आणि मीही लावू शकलो नाही असं दिसतंय.

चारही चाकांना ताकद असलेला ट्रॅक्टर घ्या. त्याचं पुढचं टायर लहान, मागचं मोठं, आणि गिअर असे जुळवलेले की पुढचं चाक मागच्यापेक्षा काही टक्के जास्त ओढतं. आपल्याकडं पुढचं टायर फाटलं की "जवळपासचं माप" बसवायची पद्धत आहे. बसतं, ट्रॅक्टर चालतोही. पण पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी भांडायला लागतात. टायर लवकर झिजतात, गिअरवर ताण येतो, आणि शेतकरी मेकॅनिकच्या नावानं खडे फोडतो. त्याच ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे दात बघा. मागं उभं राहिलं तर दातांची टोकं वर दिसली पाहिजेत, पुढून पाहिलं तर खाली. म्हणजे टोक आधी जमिनीत जातं आणि चिखल दोन्ही बाजूंना बाहेर पडतो. उलटं बसवलं तर दातांत चिखल कोंबला जातो आणि चाक जागच्या जागी गरगरतं. पावसाळ्यात फडातून ट्रॉली काढताना हे सगळ्यांनी पाहिलंय. मोटारीच्या दिशादर्शक टायरलाही हाच नियम, फक्त चिखलाऐवजी पाणी. त्याच्या बाजूवर बाण असतो. काही टायरांवर बाण नसतो, पण एका बाजूला "आउटसाइड" छापलेलं असतं. ती बाजू बाहेर आली पाहिजे, एवढंच. तेही वाचायचंच काम.

बरं, आणखी एक सबब राहिली. ही जरा विचार करण्यासारखी आहे म्हणून शेवटी घेतो. "सर, तुम्हीच शिकवलं, टायर पुढचे मागं फिरवायचे." शिकवलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचे पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून ठरावीक किलोमीटरनंतर ते मागं, मागचे पुढं. पण त्या तासाला पहिलं वाक्य काय होतं? चारही टायर एका मापाचे असतील तर. ते वाक्य तू ऐकलं नाहीस, किंवा ऐकून वहीत लिहिलं नाहीस. माप वेगळं असेल तर पुढचं मागं करता येत नाही. डावं-उजवं करता येतं, पण टायरवर दिशेचा बाण नसेल तर. माप वेगळं आणि वर बाणही असेल, तर टायर रिमवरून उतरवल्याशिवाय कुठंच फिरवता येत नाही. आता विषय निघालाच आहे तर सांगतो: साध्या गाडीला दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागं लावायचे. आपल्याकडं शंभरातले नव्वद लोक पुढं लावतात, कारण स्टिअरिंग पुढं आहे. ओल्या रस्त्यावर आधी मागं घसरणं हे पुढं घसरण्यापेक्षा वाईट, हे आत्ताच सांगितलंय.

रिमवर येतो. टायर २५५ चं आहे म्हणजे रिमही रुंद आहे, आणि रिमच्या आतल्या बाजूला "ईटी" असा आकडा कोरलेला असतो. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे, ते तो सांगतो. पुढच्या आणि मागच्या रिमचा हा आकडा वेगळा असतो. अदलाबदल केलीस की एक चाक आत ओढलं जातं, दुसरं बाहेर येतं. आत ओढलेलं चाक पूर्ण वळवलं की सस्पेन्शनला नाहीतर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतं. पुढचे ब्रेक सहसा मोठे असतात, त्यांचे कॅलिपर रिमच्या आतल्या बाजूला लागू शकतात. काल तू स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितलंस का? नाही. चाक हातानं एक फेरा फिरवून ऐकलंस का? नाही. जॅक उतरवला आणि बिल मागितलं.

आणि आता मला खरा राग कशाचा आला ते ऐक. चाकं चुकणं नव्हे. चुकतात. जगातल्या सगळ्यात महागड्या, सगळ्यात सरावलेल्या हातांनीही चुकवलीत. ६ डिसेंबर २०२०, फॉर्म्युला वनची बहारीनमधली साखीर ग्रां प्री. लुइस हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून जॉर्ज रसेल त्याच्या जागी मर्सिडीझ चालवत होता आणि चक्क पहिल्या क्रमांकावर होता. संघानं दोन्ही गाड्या एकामागोमाग टायर बदलायला आत घेतल्या. रेडिओवरचा निरोप टायरवाल्या काही माणसांपर्यंत पोचला नाही. रसेलच्या गाडीला पुढची दोन टायर लागली ती त्याचा जोडीदार वाल्टेरी बोटास याच्या संचातली. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक चालकाचे टायर नावानिशी ठरलेले असतात, दुसऱ्याचे वापरणं नियमाबाहेर. पाठोपाठ बोटास आला तर त्याची पुढची टायर जागेवरच नाहीत. त्याला जुनेच टायर परत लावून सोडावं लागलं, त्यात त्याचा बराच वेळ गेला.

आता लक्ष दे. त्या संघानं काय केलं? पहिल्या क्रमांकावर असलेल्या गाडीला पुढच्याच फेरीला परत आत बोलावलं आणि टायर बदलले. वीस हजार युरोंचा दंड भरला. पुढं रसेलच्या टायरमधली हवा गेली आणि तो नववा आला, बोटास आठवा. शर्यत सर्जिओ पेरेझनं जिंकली. मर्सिडीझच्या हातातली शर्यत गेली. पण चुकीचे टायर लावून "जाऊ द्या, पळतेय ना गाडी" असं तिथं कुणी म्हणालं नाही. तेव्हा फॉर्म्युला वनची मागची टायर ४०५ मिलिमीटर रुंद होती, पुढची ३०५, पुढची मागं बसवायचा प्रश्नच येत नव्हता. तरीही एवढं पाळलं गेलं.

आणि तू? मी चूक दाखवल्यावर, टायरवरचे आकडे तुझ्या नाकासमोर धरल्यावर तू म्हणालास, "जाऊ द्या ना सर, जवळच तर जायचंय, शिर्डीला. त्यांना आरतीची घाई आहे." तुझी इयत्ता, तुझी अक्कल, तुझं वय, सगळं मी माफ करीन. हे वाक्य माफ करणार नाही. घाई त्यांना होती, पाना तुझ्या हातात होता. त्यांना काय कळतं चाकातलं? कळत असतं तर ते तुझ्याकडं आले असते का? चूक कळेपर्यंत तू अडाणी होतास. कळल्यावर "जाऊ द्या" म्हणालास, त्या क्षणी तू बेजबाबदार झालास. अडाणीपणावर माझ्याकडं दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दुसऱ्या दुखण्यावर कुठल्याही आयटीआयमध्ये ट्रेड नाही.

बोल्टांचं बोलायचं राहिलं, कारण तिथंही तू दिवे लावलेसच. बहुतेक युरोपी गाड्यांना आपल्या जीपसारखे बाहेर आलेले स्टड नसतात. भोकात बोल्ट घालावा लागतो. चाक टांगून ठेवायला आधार नाही, म्हणून पहिला बोल्ट हातानं, बोटांनी लावायचा. तू सरळ हवेची गन लावलीस. आटे तिरके धरले असते तर हबच गेला असता. हबचं तोंड तारेच्या ब्रशनं साफ केलं नाहीस. पाची बोल्ट ओळीनं, एकाशेजारी एक आवळलेस, चांदणीच्या क्रमानं नाही. आणि टॉर्क रेंच भिंतीवर टांगलेला होता, त्याला कोळिष्टक लागलंय. आजच्या ९११ च्या बोल्टांना १६० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सोळा किलोचं वजन टांगलं तर जेवढा जोर येईल तेवढा. तिच्याच जीटी३ ला प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो, त्याला ६००. कुठल्या गाडीला किती, ते तिच्या पुस्तकात असतं. गन किती जोर लावते ते गनलाही माहीत नसतं. कमी पडलं तर बोल्ट सुटतो, जास्त झालं तर बोल्ट ताणला जातो आणि अलॉयची बैठक चिरते. आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायला सांगायचं असतं. काल मालकाला ते मी सांगितलं. तू नाही.

हे सगळं टाळायला काय लागतं? खडूचा एक तुकडा. चाक उतरवायच्या आधी टायरवर लिहायचं: डा.पु., डा.मा., उ.पु., उ.मा. मग चारही टायरांचं माप, दिशा, आत-बाहेर वाचायचं आणि कार्डावर उतरवायचं. दाराच्या चौकटीवर हवेचा दाब पुढचा-मागचा वेगळा लिहिलेला असतो, तो बघायचा. अर्धा मिनिट लागतो, फार तर एक. नगरला व्हीआरडीई आहे, लष्कराच्या गाड्या तिथं तपासल्या जातात. तिथं नोकरी लागावी म्हणून तुम्ही सगळे अर्ज करता. तिथं कुणी विचारलं, चाक लावायच्या आधी काय करतोस, तर काय सांगणार? बोल्ट बसतात का बघतो?

बस खाली. नाही, थांब, अजून नको बसू. दुकानदाराशी माझं बोलणं झालंय. पुढचा महिनाभर संध्याकाळी तू तिथं चाक उतरवणार नाहीस, चढवणार नाहीस. येईल त्या गाडीच्या चारही टायरांवर काय लिहिलंय ते वहीत उतरवायचं. माप, भार, वेग, दिशा, आणि टायर कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनला ते. शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर २०१९ चा तेविसावा आठवडा, हे तरी आठवतंय ना? ट्रॅक्टर असो, ट्रॉली असो, टायरगाडी असो, काही सोडायचं नाही. वही दर शनिवारी माझ्या टेबलावर हवी. कालच्या प्रात्यक्षिकाला मी शून्य गुण मांडलेत. खाली वडिलांची सही घेऊन ये.